घशात हिरवा लेसर, पेशंट जागा

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारी उभ्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. गोंगाटात आपला आवाज नकळत चढतो, हे फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी १९११ मध्येच मांडलं होतं. साध्या बोलण्यातही पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभरावर वेळा एकमेकांवर आदळतात, बाईचे दोनशेच्या आसपास. त्यात रोजची आरडाओरड आली, की एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तिथे पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, धरतो. हा कॅन्सर नव्हे, पण आवाज पार बसतो.

असा पॉलिप काढायला पूर्वी पूर्ण भूल ठरलेलीच. आता काही पेशंटांचं काम खुर्चीत बसवूनच होतं. आधी नाक बधिर करतात. मग पेशंटला लांब 'ई' म्हणायला लावून लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे थेंब थेट स्वरतंतूंवर सोडतात. जोराची ढास लागते, आणि थोड्या वेळाने आपण गिळतोय की नाही हेच कळेनासं होतं. मग नाकावाटे लवचिक दुर्बीण आत जाते आणि तिच्यातून लेसरचा उजेड नेणारा, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तंतू.

खरी गंमत रंगाची. यासाठीच्या केटीपी नावाच्या लेसरचा उजेड हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा. तो रक्तातलं हिमोग्लोबिन झटकन शोषून घेतं. त्यामुळे पॉलिपला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या भाजून बंद होतात आणि स्वरतंतूवरचं नाजूक आवरण बरंचसं वाचतं. हे आवरण लवचिक राहिलं तरच आवाज सुरेल राहतो. १९७२ पासून घशासाठी वापरात असलेला कार्बन डायऑक्साइड लेसर पाण्यात शोषला जातो. पाणी तर सगळ्याच पेशींत, म्हणून तो समोर येईल ते कापतो.

पेशंट जागा असल्याने तिथल्या तिथे बोलवून बघता येतं. पण त्या आवाजावरून निकाल लावू नये, सूज असते. बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दोन तास, चहासुद्धा नको. घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. पुढचे काही दिवस मौन, कुजबुजही नाही.

हे सगळ्यांना जमत नाही. ज्याला दुर्बीण दिसताच उमासे येतात किंवा ज्याची गाठ फार मोठी आहे, त्याला भूलच बरी. ओरडून आलेल्या छोट्या गाठींना आधी स्पीच थेरपी द्यावी, लेसरची घाई करू नये. एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंमुळे होणारे पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारख्या गाठी, मात्र पुन्हापुन्हा उगवतात. त्या पेशंटची दर खेपेची भूल वाचते, आणि माझ्या मते या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा तोच.

विडी-तंबाखूवाल्यांचा घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर मात्र लेसरची चौकशी नंतर. आधी दुर्बिणीने तपासणी आणि कॅन्सरचा संशय आला तर बायोप्सी.