ऑनलाइन अभ्यासक्रम मूल्यमापन: पार्श्वभूमी

सत्र संपत आले की विद्यार्थी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लॉग-इन करतो, अभ्यासक्रम आणि शिक्षक यांच्याविषयीच्या प्रत्येक विधानापुढे पाचांपैकी एक पर्याय निवडत खाली जातो आणि अखेरीस ‘आपला अभिप्राय’ या रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबतो. ही व्यवस्था नवी दिसली, तरी तिच्यातील प्रश्नांची परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हर्मन रेमर्स यांनी १९२०च्या दशकात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना गुण द्यावेत यासाठी एक गुणांकन-पट्टी तयार केली. तिच्यात विषयाची मांडणी आणि गुण देण्यातील निःपक्षपातीपणा यांच्याबरोबर शिक्षकाचे बाह्य रूपही होते. शिकवणे आणि शिकवणारी व्यक्ती यांची गल्लत तेव्हापासूनच या साधनात शिरलेली आहे, असे मला वाटते.

१९६०च्या दशकातील विद्यार्थी चळवळींनंतर ही पद्धत झपाट्याने पसरली आणि शिक्षकाला सुधारणेसाठी मिळणारा अभिप्राय त्याच्या बढतीच्या कागदपत्रांतही जाऊ लागला. याच सुमारास, १९७० मध्ये, ‘डॉ. फॉक्स’ या बनावट नावाने एका अभिनेत्याने मुद्दाम पोकळ ठेवलेले व्याख्यान दिले आणि उच्चशिक्षित श्रोत्यांनी त्याला उत्तम अभिप्राय दिला. शंका तिथेच उपस्थित झाली होती. तरीही वापर वाढतच गेला.

कागदी पद्धतीत शिक्षक वर्गाबाहेर जात, एखादा विद्यार्थी भरलेले अर्ज गोळा करून पाकीट बंद करी आणि कार्यालयात नेऊन देई. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी लेखी मजकूर टंकलिखित करूनच शिक्षकाला दिला जाई. इंटरनेट आल्यावर छपाई, गोळाबेरीज आणि टंकलेखन यांचा खर्च वाचला, लिहायला सवडही मिळाली; पण वर्गातली ती राखीव दहा मिनिटे गेली. संशोधक डंकन नल्टी यांनी २००८ मध्ये एकत्र केलेल्या आकडेवारीत कागदी सर्वेक्षणांना सरासरी ५६ टक्के, तर ऑनलाइन सर्वेक्षणांना ३३ टक्के प्रतिसाद होता. वर्गात तीसच विद्यार्थी असतील, तर ३३ टक्के म्हणजे दहा जणांचे मत. तेवढ्यावर एखाद्याची नोकरी तोलणे मला अन्यायाचे वाटते.

कॅनडातील रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात २०१८ मध्ये लवादाने हेच गुणांकन बढती व कायम नेमणुकीसाठी अध्यापनाच्या परिणामकारकतेचे माप म्हणून वापरता येणार नाही, असा निर्णय दिला. प्रतिसाद वाढवण्यासाठी काही विद्यापीठे अभिप्राय भरल्याशिवाय निकाल लवकर दाखवत नाहीत. मला त्याहून बरा वाटतो तो दुसरा उपाय: तासिकेतलीच काही मिनिटे राखून ठेवली जातात, विद्यार्थी मोबाइलवर प्रश्नावली उघडतात आणि शिक्षक पूर्वीसारखेच वर्गाबाहेर जातात.