लागोपाठची हरिकेन: कल की योगायोग?

‘एकाच किनाऱ्यावर लागोपाठ हरिकेन (अमेरिकेकडची तीव्र चक्रीवादळं) आदळली, म्हणजे वादळं वाढलीच’ हा समज जुना आहे आणि त्याला २००४ च्या फ्लोरिडाचा दाखला हमखास दिला जातो. त्या सप्टेंबरमध्ये ‘फ्रान्सिस’ नावाचं हरिकेन तिथल्या हचिन्सन बेटावर धडकलं. उडालेल्या छपरांवर लोकांनी निळ्या ताडपत्र्या ताणल्या आणि तीन आठवड्यांतच ‘जीन’ हे दुसरं हरिकेन जवळपास त्याच जागी येऊन थडकलं. ज्यांनी हे सोसलं त्यांना ‘योगायोग’ हा शब्द झोंबणारच.

पण पुढचं बघा. २००५ च्या विल्मानंतर २०१६ च्या हर्मिनपर्यंत फ्लोरिडात एकही हरिकेन किनाऱ्याला लागलं नाही. मग त्या काळात वादळं कमी होत गेली असं म्हणायचं का? नाही ना! नाणं उडवलं तरी सलग चार-पाच वेळा छापा पडतोच.

अर्थात सगळंच नशिबावर नसतं. अटलांटिकवरचा उच्च दाबाचा पट्टा काही आठवडे एकाच जागी ठाण मांडून बसला, की मागून येणारी वादळं त्याच वाटेनं ढकलली जातात. तो त्या हंगामापुरता वाऱ्याचा खेळ.

अमेरिकेच्या किनाऱ्याला लागणाऱ्या हरिकेनच्या संख्येत १९०० पासून ठळक वाढ दिसत नाही. याचा अर्थ हवामानबदल खोटा, असा मात्र कुणी कृपा करून काढू नये. तापलेल्या समुद्रामुळे वादळं जास्त पाऊस ओततात, पाणीपातळी वाढल्यानं उधाण आणखी आत घुसतं. कल शोधायचा तो तिथे.