अस्वलाची झोप आणि माझी पोटरी

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं, तेव्हा स्वतःची पोटरी बघून मी चपापलो. दुसऱ्या पायाच्या निम्मीही वाटेना. मोजा घातला की घसरून घोट्याशी गोळा व्हायचा. मोडलं होतं हाड, शिक्षा भोगली स्नायूंनी!

स्नायू पोसणं शरीराला महाग पडतं. त्यांतली प्रथिनं रोज थोडी मोडतात आणि थोडी नव्याने बांधली जातात. पायावर भार पडायचा थांबला की बांधकाम मंदावतं, मोडतोड मात्र चालूच राहते. स्नायूचे तंतू बहुतेक तसेच असतात, फक्त बारीक होत जातात. म्हणूनच पुन्हा चालायला लागल्यावर पोटरी भरून येते.

मग उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचं काय? थंडीत ते पाच-सहा महिने गुहेत अंग मुडपून पडून असतं. खाणं नाही, पिणं नाही, लघवीसुद्धा नाही. 2001 साली संशोधकांनी अशा अस्वलांच्या पायाची ताकद मोजली. (झोपलेल्या अस्वलाच्या गुहेत शिरायला कोण तयार झालं असेल, हे मला अजून कोडंच आहे.) 130 दिवसांत ताकद घटली होती जेमतेम 23 टक्के. चांगलं जेवणखाण मिळूनही 90 दिवस अंथरुणात पडून राहिलेल्या माणसाची 54 टक्के घटते.

यातली एक युक्ती लघवीतच आहे. प्रथिनं मोडली की युरिया तयार होतो. आपण तो बाहेर टाकतो. अस्वलाच्या मूत्राशयातून तो परत रक्तात शोषला जातो, आतड्यातले जिवाणू तो फोडतात आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनं बांधायला वापरला जातो. शिवाय अस्वल झोपेत अधूनमधून थरथरतं, तेवढाच स्नायूंना व्यायाम.

काळ्या मानेच्या पाणडुबीची तऱ्हा याच्या अगदी उलटी. शरद ऋतूत कॅलिफोर्नियातल्या खाऱ्या मोनो तलावावर हे पक्षी लाखोंनी उतरतात आणि कोळंबीसारखे इवले जीव खात सुटतात. आतडी फुगतात, छातीचे स्नायू इतके आटतात की उडताच येत नाही. पुढे खाद्य संपत आलं की खाणं थांबतं, आतडी आक्रसतात आणि पाणडुब्या पाण्यावरच पंख फडफडवू लागतात. छाती पुन्हा भरते. मग एखाद्या रात्री थवेच्या थवे उडून जातात.