टाकीतलं पाणी आटलं तर खारं पाणी घालावं का?

"प्रवाळांच्या टाकीतलं पाणी आटलं की तेवढंच खारं पाणी घाला," हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतो. पटतोही. पण वाफ फक्त पाण्याची होते. मीठ टाकीतच राहतं.

मुंबईच्या मे महिन्यात, पंखा लावलेल्या १०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडतं असं धरा. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे आठवड्यात ४९० ग्रॅम जादा. खारेपणा ३५ वरून ४० पीपीटीच्या (हजार भागांत मिठाचे किती भाग) आसपास जातो. प्रवाळांचे पॉलिप (फुलासारखे इवले जीव) मिटतात आणि दोष उगाच टाकीच्या दिव्याला लागतो.

आटलेलं पाणी गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यानेच भरा, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्याजवळ हवा.

पडताळायचं असेल तर काचेवर पातळीची रेघ मारा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून आटलेल्या टाकीत मोजा. गोडं पाणी रेघेपर्यंत भरून तासाभराने पुन्हा मोजा. आकडा उतरलेला दिसेल. खारेपणा आधीच चढला असेल, तर दिवसाला १ पीपीटीहून जास्त उतरवू नका.