नाममुद्रा (लावणी आणि ध्वनिमुद्रिका)

गीताच्या शेवटच्या चरणात किंवा कडव्यात रचनाकाराने आपले नाव गोवण्याची पद्धत. शाहिरी परंपरेत हिला ‘छाप’ असेही म्हणतात. ‘तुका म्हणे’ हे तिचे सर्वांच्या ओठी असलेले रूप. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लावणी आणि मुंबईतील लोकप्रिय गीत यांच्या संदर्भात या पद्धतीचा विचार केला आहे.

नाममुद्रेच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत असे की, फार्सी गझलेच्या मक्त्यात (शेवटच्या शेरात) येणाऱ्या तखल्लुसावरून (कवीच्या टोपणनावावरून) ती मराठीत आली. पेशवाईतील शाहिरांपुरता या मताला थोडा आधार आहे. त्यांच्या भाषेत फार्सी-उर्दूची सरमिसळ भरपूर असून मुशायऱ्यासारखा सवालजबाबाचा बाजही तेथे दिसतो. परंतु ज्ञानेश्वर-नामदेवांच्या अभंगांतील मुद्रा तेराव्या-चौदाव्या शतकांतील आहेत, आणि त्या काळी मराठी भक्तिरचनेवर गझलेची छाया पडली असेल असे मानणे कठीण आहे. दुसरे मत गीतगोविंदाकडे बोट दाखवते. बाराव्या शतकातील जयदेवाने आपल्या अष्टपदींत ‘जयदेवभणितम्’ अशा धर्तीचे शब्द योजले आहेत. त्याहीमागे जाता येते. बौद्ध सिद्धांच्या चर्यापदांत (गूढगीतांत) काण्ह, सरह या सिद्धांची नावे ‘भणइ’ या क्रियापदासह येतात. त्यांचा काळ साधारणतः आठवे ते बारावे शतक असा ढोबळपणेच सांगता येतो. मराठी ‘म्हणणे’ हे क्रियापद संस्कृत ‘भण्’ धातूपासून व्युत्पन्न मानले जाते. म्हणजे ‘काण्ह भणइ’ आणि ‘तुका म्हणे’ यांत नुसती कल्पना समान नाही, क्रियापदही एकच आहे. हा पुरावा विचारात घेता देशी परंपरेचे मत अधिक ग्राह्य वाटते. तखल्लुसाचा संस्कार पुढे त्यावर चढला असावा.

मुद्रा म्हणजे कर्तृत्वाचा पुरावा, असे मात्र नाही. ‘नामा’ ही मुद्रा नामदेवांची तशी सोळाव्या शतकातील विष्णुदास नामाचीही. दोघांचे अभंग परस्परांत मिसळल्याने संपादकांच्या पिढ्या त्यात अडकल्या. एकनाथांच्या ‘एका जनार्दनी’त कवीच्या नावाला गुरूचे नाव जोडलेले आहे. ज्ञानेश्वरांच्या ‘बापरखुमादेवीवरु’ यात तर कवीचे नावच नाही.

शाहिरांकडे येताना मुद्रेत फडाचा (तमाशाच्या संचाचा) हिशेब शिरला. रामजोशी ‘कविराय’ म्हणून सही करतात. होनाजी शिलारखाने यांच्या नावाला त्यांचा साथीदार गायक बाळा कारंजकर याचे नाव जोडले जाऊन ‘होनाजी बाळा’ ही जोडमुद्रा रूढ झाली. रचणारा एक आणि गाणारा दुसरा, पण श्रोत्यांच्या लेखी शाहीर एकच. गायकाला मुद्रेत वाटा देणारी ही पद्धत पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे, कारण तबकडीच्या युगात गायकाने सगळीच जागा घेतली.

मुंबईच्या संदर्भात महत्त्वाचे नाव पठ्ठे बापूराव यांचे (१८६६–१९४५, निधनाचे साल काही ठिकाणी १९४१ असेही दिले जाते). मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. गाव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष. म्हणजे येथे मुद्राच कवीचे नाव होऊन बसली आणि कुळकर्ण्यांचे नाव मागे पडले. ब्राह्मण घरातील या कवीने तमाशा हा पेशा पत्करला आणि हिवरगावच्या पवळाबाईंसह फड उभा केला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. गिरण्यांमुळे मुंबईत घाटावरचा आणि कोकणातला कामगार जमला होता. ग्रँट रोडलगतच्या पिला हाउसच्या परिसरात तमाशाला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळू लागला. ‘मुंबई नगरी बडी बांका’ असा आरंभ असलेली त्यांची मुंबईची लावणी याच प्रेक्षकाची. तीत शहराला रावणाच्या दुसऱ्या लंकेची उपमा आहे. ही स्तुती की टोमणा, हे ऐकणाऱ्याच्या खिशावर अवलंबून असावे.

त्यांच्या लावण्यांची संख्या दोन लाख सांगतात. पन्नास वर्षे रोज अकरा लावण्या रचल्याखेरीज हा आकडा गाठता येत नाही, तेव्हा तो शाहिरी थाटाचाच मानलेला बरा.

ध्वनिमुद्रणाने नाममुद्रेपुढे एक सरळ यांत्रिक अडचण उभी केली. दर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावत. बैठकीत एकच लावणी आलापून, अदा करून अर्धा तास चालवता येई. तबकडीवर मुखडा आणि एखाद-दुसरे कडवे बसले की सुई मधल्या कागदापाशी येऊन ठेपे. मुद्रा असे शेवटच्या कडव्यात. साहजिकच पहिला बळी तिचाच. चार चरणांचा अभंग तेवढ्या वेळात पुरा होई, म्हणून ‘तुका म्हणे’ वाचले.

त्याच सुमारास दुसरी एक मुद्रा मात्र तबकडीवर आली. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत गौहर जान गाणे संपताच ‘माय नेम इज गौहर जान’ असे उच्चारतात. मुद्रणाचे साचे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीत हानोफरला जात. तेथील कारागिरांना कागद चिकटवताना गायिका ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. गीताच्या अखेरची नावाची जागा रिकामी राहिली नाही, तिथला माणूस बदलला.

नाट्यपदांत मुद्रेची चाल नव्हतीच. ‘एकच प्याला’ हे नाटक गडकऱ्यांचे, पण त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांची, काही चाली बाई सुंदराबाईंकडून आलेल्या. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘बालगंधर्वांची पदे’च. भावगीतातही मुद्रा नाही. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी गायिल्यावर १९३०नंतरच्या दशकात घरोघर पोचली. पहिले भावगीत कोणते या वादात तिचे नाव बहुधा अग्रभागी असते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर काही काळ गायकालाही हाच अनुभव आला: ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. गीतकार, संगीतकार, गायक असा तिघांचा उल्लेख श्रोत्यांच्या कानी नित्य पडू लागला तो मुख्यत्वे आकाशवाणीच्या निवेदनांमुळे.

चाळीत आणि मैदानात मुद्रा टिकून राहिली. अण्णा भाऊ साठे यांनीही मुंबईची लावणी रचली. तीत मलबार हिल आणि परळ समोरासमोर येतात. दोघांचे शीर्षक एकच असल्याने पठ्ठे बापूरावांच्या लावणीशी तिची गल्लत होते. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’त संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा भाग येतो तेथे ‘म्हणे अण्णाभाऊ साठे’ अशी रोखठोक मुद्रा आहे. आज हे गीत गायले जाते तेव्हा पुष्कळदा विरहाची आरंभीची कडवी तेवढी ऐकू येतात आणि नाव असलेले, मोरारजींवर तुटून पडणारे कडवे बाजूला राहते.

आंबेडकरी जलशांत आणि भीमगीतांत वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची ‘वामन’ ही मुद्रा विशेष प्रसिद्ध आहे. ही गीते वह्यांतून आणि तोंडी पसरली. त्यामुळे एखादे गीत वामनदादांचे की त्यांच्या वळणावर दुसऱ्या कोणी रचलेले, हे ठरवताना जाणकार आजही आधी शेवटचे कडवे म्हणायला सांगतात.