बशीत वाढवलेला पार्किन्सन

गेल्या आठवड्यात नागपूरच्या धंतोलीतल्या एका फलकाचा फोटो शेजारच्या काकांच्या मुलाने मला पाठवला. ‘स्टेम सेलने पार्किन्सन मुळापासून बरा.’ काकांना हा आजार सहा वर्षांपासून आहे. ‘करून पाहायचं का?’ असं तो विचारत होता.

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामीन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात थरथरू लागतो तोवर निम्म्याच्या आसपास संपलेल्या असतात. जिवंत माणसाच्या मेंदूतून त्या काढून पाहता येत नाहीत, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासला तर आग विझल्यावरची राख तेवढी दिसते. ठिणगी कुठे पडली ते कळत नाही. इथे रुग्णाच्याच त्वचेपासून बनवलेल्या स्टेम सेल, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, उपयोगी पडतात.

जपानमधल्या क्योटोच्या शिन्या यामानाकांनी २४ जनुकांपासून सुरुवात करून शेवटी चारच निवडली आणि २००६ साली उंदराच्या त्वचेच्या पेशींत घातली; त्या पेशी स्टेम सेल झाल्या. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही ते जमलं. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्वचेच्या पेशीतही मेंदू घडवणारी सगळी जनुकं असतातच. पण हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवतीची डीएनएची घट्ट गुंडाळी आणि डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा त्यांना गप्प ठेवतात. यामानाकांच्या चार जनुकांची प्रथिनं ही गुंडाळी सैल करतात, त्वचेची जनुकं बंद पाडतात आणि भ्रूणावस्थेतली जनुकं जागी करतात. ही जनुकं मग एकमेकांना चालू ठेवतात. अशा पेशीला योग्य रासायनिक संकेत दिले की तिची डोपामीनवाली चेतापेशी होते. काटोलकडे जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. झाड नवं, पण वाण जुन्याच झाडाचं. तसाच काकांचा जनुकीय वारसा या चेतापेशीत जसाच्या तसा येतो.

येतं नाही ते काकांचं वय. त्वचेच्या खुणा पुसताना म्हातारपणही पुसलं जातं: टेलोमिअर (गुणसूत्रांची वयानुसार झिजणारी टोकं) लांबतात, मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) तरुण होतात. सत्तरीतल्या माणसाच्या त्वचेपासून केलेली चेतापेशी गर्भातल्या चेतापेशीसारखी वागते, आणि आजार तर उतारवयाचा! मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर पेच वाटतो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी त्यावर तोड काढली. अकाली वार्धक्याच्या रोगातलं प्रोजेरिन हे प्रथिन त्यांनी या पेशींत बनवून घेतलं. पेशी म्हाताऱ्या झाल्या, आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या चेतापेशींच्या फांद्या झडू लागल्या. आजार प्रयोगशाळेतल्या बशीत उतरला. आता त्याच्यावर औषधं तपासता येतात.

त्या फलकाचा या विज्ञानाशी संबंध नाही. प्रत्यारोपणाच्या खऱ्या चाचण्या सुरू आहेत. क्योटोतल्या चाचणीत सात रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने पेशी सोडल्या आणि आधी सुरक्षितता तपासली. दंडात इंजेक्शन टोचून हे होत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तर चाचणीबाहेरच्या अशा उपचाराला गैरव्यवहारच म्हणतात.

मुलाला मी दोनच प्रश्न लिहून दिले: चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे कशाचे?