आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा

देशांच्या टीम एकमेकींशी खेळतात त्या सगळ्या रग्बी स्पर्धा या नोंदीत येतात, म्हणजे दर चार वर्षांनी होणारा वर्ल्ड कप, युरोपात दरवर्षी होणारी सिक्स नेशन्स, दक्षिण गोलार्धातली रग्बी चॅम्पियनशिप आणि सात-सात खेळाडूंची झटपट सेव्हन्स. मराठवाड्यात हा खेळ बहुतेकांनी टीव्हीवर चॅनल बदलतानाच बघितलेला असतो, चिखलात माणसं एकमेकांवर पडलेली आणि बॉल कुठंच दिसत नाही. पण कबड्डीत चढाईवाल्याला कंबरेतून धरून ज्यानं एकदा आडवा केलाय, त्याला टॅकल वेगळा शिकवावा लागत नाही, म्हणून वाटतं की हा खेळ आपल्या लोकांना आवडायलाच पाहिजे.

नियम थोडक्यात. एका बाजूला 15 खेळाडू, मॅच 80 मिनिटांची. हातानं बॉल पुढं फेकायचा नाही, मागं किंवा आडवाच द्यायचा, पुढं न्यायचा तर पळत किंवा लाथेनं. समोरच्याच्या रेषेपलीकडं बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे 5 पॉइंट, त्यानंतर खांबांमधून किक गेली तर आणखी 2, समोरच्याच्या चुकीवर मिळालेली पेनल्टी किक आणि चालू खेळात बॉलचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेला ड्रॉप गोल, यांचे 3-3. एवढं कळलं तरी मॅच बघता येते, बाकीचं बघता बघता कळतं.

पहिली आंतरराष्ट्रीय मॅच 27 मार्च 1871 ला एडिनबराच्या रेबर्न प्लेसवर झाली. स्कॉटलंडच्या खेळाडूंनी पेपरात पत्र छापून इंग्लंडला आव्हान दिलं होतं, इंग्लंडनं ते घेतलं, तेव्हा एका बाजूला 20 जण खेळायचे, आणि स्कॉटलंड जिंकलं. पुढं 1883 पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांची दरवर्षी स्पर्धा सुरू झाली, 1910 ला फ्रान्स आत आलं, 2000 ला इटली आली आणि ती सिक्स नेशन्स झाली. ती अजून फेब्रुवारी-मार्चमध्येच होते, आणि एखादी टीम सगळ्या पाच मॅच हरली तरी शेजाऱ्याला हरवण्याची वाट ती पुढचं वर्षभर बघत असते. रग्बीत जुन्या गाठीभेटींना जे वजन आहे ते मला दुसऱ्या कुठल्या खेळात इतकं दिसत नाही, वर्ल्ड कपसुद्धा त्यांच्यावरच उभा राहिलाय.

सिक्स नेशन्समध्ये भारताचा एक धागा आहे. इंग्लंड-स्कॉटलंड मॅच जिंकणाऱ्याला कलकत्ता कप मिळतो. कलकत्त्यात इंग्रजांनी काढलेला रग्बी क्लब 1878 ला बंद झाला तेव्हा बँकेत उरलेले 270 चांदीचे रुपये वितळवून हा कप बनवला, त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती बसलेला आहे. 1879 पासून दोन देश त्यासाठी भांडतायत. त्या काळी आपल्याकडं निजामाचं स्वतःचं नाणं, हाली सिक्का, चालायचं, तिकडं इंग्रज अमलातल्या रुपयांचा कप होऊन तो थेट इंग्लंडला पोचला, आणि आज जगातल्या सगळ्यात जुन्या आंतरराष्ट्रीय ट्रॉफींमध्ये त्याचं नाव घेतात. 1988 ला मॅचनंतरच्या रात्री दोन्हीकडच्या एकेका खेळाडूनं तो एडिनबराच्या रस्त्यावर लाथाडून चेपवला होता, तो नंतर दुरुस्त केला. कपावर जी भारतीय कारागिरी आहे ती बघून असं करवलं कसं याचं वाईट वाटतंच.

आयर्लंडचंही सांगायला पाहिजे. तो देश फाळणीनंतर दोन भागांत आहे, पण रग्बीत दोन्हीकडची पोरं मिळून एकच टीम. डब्लिनच्या क्रोक पार्कवर 1920 मध्ये ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र पोलिसांनी आयरिश देशी फुटबॉलची मॅच बघायला आलेल्या गर्दीवर गोळ्या झाडल्या होत्या, 14 जण गेले. त्या मैदानावर आयरिश लोकांनी परक्या खेळांना कित्येक वर्षं येऊच दिलं नाही. मग रग्बीचं नेहमीचं मैदान नव्यानं बांधायला काढलं म्हणून 2007 ला इंग्लंडशी मॅच तिथं ठेवावी लागली. इंग्लंडचं राष्ट्रगीत तिथं वाजणार, लोक काय करतील, ही धास्ती सगळ्यांना. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि नंतर आयर्लंड 43-13 नं जिंकलं. 17 सप्टेंबरला गावच्या हुतात्मा स्मारकापाशी उभं राहणाऱ्या माणसाला त्या शांततेची किंमत सांगावी लागणार नाही.

वर्ल्ड कप फार उशिरा आला. ब्रिटन-आयर्लंडमधल्या जुन्या मंडळींना, विशेषतः स्कॉटलंड आणि आयर्लंडला, भीती वाटायची की मोठी स्पर्धा आली की पैसा येईल आणि हौशी खेळ संपेल. ती भीती खोटी नव्हती, 1995 ला रग्बी युनियन, म्हणजे हाच 15 जणांचा खेळ, व्यावसायिक झालंच. पैशाचं भांडण त्याच्याही शंभर वर्षं आधीचं आहे, 1895 ला उत्तर इंग्लंडचे क्लब कामाची मजुरी बुडते त्याची भरपाई मागत बाहेर पडले आणि त्यातून 13 खेळाडूंची रग्बी लीग निघाली, तिचा वर्ल्ड कप तर 1954 लाच झाला. युनियनचा पहिला वर्ल्ड कप 1987 ला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात झाला, 16 टीम, फायनलला न्यूझीलंडनं फ्रान्सला 29-9 हरवलं.

दक्षिण आफ्रिका पहिल्या दोन वर्ल्ड कपमध्ये नव्हतीच, वर्णभेदामुळं. तिथल्या काळ्या लोकांना स्प्रिंगबॉकची, म्हणजे देशाच्या रग्बी टीमची, हिरवी जर्सी म्हणजे गोऱ्यांच्या राज्याची खूण वाटायची. मग 1995 चा वर्ल्ड कप त्यांच्याच घरी झाला आणि फायनलला नेल्सन मंडेला कॅप्टन फ्रान्स्वा पिनारच्या 6 नंबरची तीच जर्सी घालून मैदानात आले. जादा वेळेत योएल स्ट्रान्स्कीनं ड्रॉप गोल मारला, 15-12. त्या टीममध्ये गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. त्यानंतर 24 वर्षांनी, 2019 ला, त्यांचा पहिला काळा कॅप्टन सिया कोलिसीनं कप उचलला, त्याच्याही पाठीवर 6 नंबरच होता. एका दिवसात देश बदलत नाही हे खरंच आहे, पण त्या दोन फोटोंच्या मधली वाट बघितली की खेळानं काय होतं असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं.

निव्वळ थरारात 2023 चा वर्ल्ड कप बघावा. दक्षिण आफ्रिकेनं क्वार्टर फायनल 29-28, सेमी 16-15 आणि फायनल 12-11, तिन्ही एकेका पॉइंटनं काढल्या आणि चार वर्ल्ड कप जिंकणारा पहिला देश झाला. न्यूझीलंडच्या कॅप्टनला फायनलमध्ये रेड कार्ड मिळालं होतं, तरी शेवटपर्यंत सामना सुटला नव्हता.

मोठ्यांना लहान कधी हरवतं हे बघण्यातही मजा आहे, आणि रग्बीत ते क्वचितच होतं म्हणून जास्त. 2015 ला ब्रायटनमध्ये जपान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 29-32 नं मागं होता, शेवटची पेनल्टी मिळाली, किक मारली असती तर बरोबरी झाली असती, कॅप्टन मायकल लीचनं किक नको म्हणून स्क्रम घेतला, म्हणजे दोन्हीकडचे गडी खांद्याला खांदा भिडवून बॉलसाठी रेटतात तो, आणि अगदी शेवटी ट्राय करून 34-32 नं जिंकले. चार वर्षांनी वर्ल्ड कप त्यांच्याकडं आला तेव्हा हगिबिस वादळ आलं, काही मॅच रद्द झाल्या, कामाइशीची मॅच रद्द झाल्यावर कॅनडाचे खेळाडू रस्त्यावरचा चिखल काढायला लागले. कामाइशी म्हणजे 2011 च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेलं गाव, तिथलं रग्बी मैदान वाहून गेलेल्या शाळेच्या जागेवर बांधलंय.

फिजी, सामोआ, टोंगा ही तर समुद्रातली इवलीशी बेटं. फिजीनं 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सच्या फायनलला ब्रिटनला 43-7 हरवलं, त्यांच्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक मेडल, आणि सरकारनं त्यासाठी चक्क 7 डॉलरची नोट काढली. न्यूझीलंडचा हाका, मॅचआधीचा युद्धनाच, सगळ्यांना माहीत असतो, पण टोंगा, सामोआ, फिजी यांचेही स्वतःचे युद्धनाच आहेत, आणि टोंगा विरुद्ध न्यूझीलंड मॅचला दोन्हीकडून नाच होतो तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

बायकांचा पहिला वर्ल्ड कप 1991 ला वेल्समध्ये झाला, आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नसताना, खेळाडूंनीच उभा केला. अमेरिका जिंकली. तिथून 2025 च्या फायनलला ट्विकनहॅमवर 81,885 प्रेक्षक आले, इंग्लंडनं कॅनडाला 33-13 हरवलं.

भारत अजून वर्ल्ड कप खेळलेला नाही. पुरुषांची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच 1998 ची, महिलांची 15 जणींची टीम 2018 ला उतरली आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरला 21-19 हरवून पहिली मॅच जिंकली. 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये सेव्हन्स झालं, आणि 2025 ला मुंबईत सहा टीमची रग्बी प्रीमियर लीग झाली, चेन्नई बुल्स जिंकले. धाराशिवनं खो-खोत सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कार मिळवलेली खेळाडू दिलीय, पळण्यातली ती चपळाई सेव्हन्सला लागतेच, फक्त मैदान आणि शिकवणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी तरी मिळायला हवा.

नव्यानं बघायला सुरू करायचं तर सिक्स नेशन्स सोपी, शनिवारी रात्री आपल्या वेळेनं साधारण आठनंतर मॅच असतात. पुढचा पुरुषांचा वर्ल्ड कप 2027 ला ऑस्ट्रेलियात आहे, 1 ऑक्टोबर ते 13 नोव्हेंबर, पहिल्यांदाच 24 टीम. सिडनी त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं असतं, म्हणजे तिथली रात्रीची मॅच आपल्याकडं दुपारी, ऐन सोयाबीनच्या काढणीत आणि दसरा-दिवाळीच्या गडबडीत, मोबाईलवर का होईना एखादी तरी बघावी.